'प्रादेशिक सेना' मधलं प्रादेशिक म्हणजे नक्की काय?

एका लेखाचं भाषांतर करतेय, त्यात टेरिटोरियल आर्मी आलंय. 'प्रादेशिक सेना' लिहिलं तर वाचणाऱ्याला ती एखाद्या राज्याची सेना वाटते, प्रादेशिक पक्ष असतो तशी. त्याऐवजी 'स्वयंसेवी राखीव दल' चालेल का?

उत्तर
नको ताई, राखीव दल म्हटलं की आपल्याकडे लोकांना थेट एसआरपी आठवते, आणि ते पोलीस झाले. प्रादेशिक सेना हेच सरकारी नाव आहे, तेच ठेवा. इथे प्रदेश म्हणजे देशाची भूमी, केंद्रशासित प्रदेश किंवा 'प्रादेशिक अखंडता' म्हणतो ना, तो अर्थ. मूळ कल्पना ब्रिटिशांची, तिकडे १९०८ मध्ये टेरिटोरियल फोर्स काढली ती मायभूमीच्या रक्षणासाठी, मग १९२० मध्ये इथे इंडियन टेरिटोरियल फोर्स आली. आपला कायदा १९४८ चा, त्यातही केंद्र सरकारचा आदेश असल्याशिवाय या जवानाला देशाबाहेर ड्युटीवर पाठवता येत नाही असं कलम आहे, म्हणजे नावाचा अर्थ कायद्यातच बसलाय.

उत्तर
वरचं बरोबर आहे, पण बोलताना प्रादेशिक सेना कुणी म्हणत नाही हो. आमच्या कोल्हापूरकडे 'टीएची भरती निघालीय' असंच म्हणतात, मराठा लाइट इन्फंट्रीची १०९ टीए बटालियन इथलीच. त्यामुळे लेखात पहिल्यांदा पूर्ण नाव द्या आणि पुढे टीए लिहा, वाचायला बरं पडतं.

उत्तर
एक महत्त्वाचं, होमगार्डशी गल्लत होऊ देऊ नका. होमगार्ड पोलिसांच्या मदतीला असतात, टीए हा लष्कराचाच भाग आहे. माणूस आपली नोकरी किंवा धंदा सांभाळून दरवर्षी ठराविक दिवस ट्रेनिंग करतो आणि गरज पडली की त्याला बोलावतात, याला त्यांच्यात 'एम्बॉडी' होणं म्हणतात, घरी पाठवलं की 'डिसएम्बॉडी'. मराठीत 'सेवेत पाचारण' लिहिता येईल पण मला तरी ते जड वाटतं, 'बोलावणं आलं' पुरेसं आहे. १९६२, ६५, ७१ तिन्ही युद्धांत ही माणसं होती, आणि तरी त्यांना 'हौशी सैनिक' लिहिलेलं वाचलं की खरंच वाईट वाटतं. धोनीला २०११ मध्ये लेफ्टनंट कर्नल हा मानद हुद्दा मिळाला तेव्हापासून बऱ्याच जणांना वाटतं की टीए म्हणजे सेलिब्रिटींना वर्दी. तसं नाहीये, रेल्वेवाले, तेल कंपन्यांतले लोक यांची वेगळी युनिट्स आहेत, आणि संभाजीनगरला तर झाडं लावणारी इको बटालियन आहे.

मूळ प्रश्नकर्ती
खूप आभार सगळ्यांचे. मग पहिल्या उल्लेखाला असं लिहिते: 'प्रादेशिक सेना (टीए), म्हणजे नोकरी-धंदा सांभाळून देशरक्षणासाठी स्वेच्छेने भरती झालेल्यांचं लष्करी दल'. 'राखीव' गाळलाय.

उत्तर
छान जमलंय. फक्त 'लष्करी दल' ऐवजी 'लष्कराचं दल' करा, मग निमलष्करी वाटायला जागाच उरत नाही.