नाल्याकाठच्या बैठ्या घरासाठी वाळूची पोती: कोणती घ्यावीत, किती घ्यावीत आणि कुठे रचावीत?

नालाशेजारी, कोल्हापूर

नमस्कार. जयंती नाल्यापासून दोन गल्ल्या आत आमचे जुने बैठे घर आहे. 2019 आणि 2021 या दोन्ही वर्षी पंचगंगेची फूग, म्हणजे नदीचे चढलेले पाणी, नाल्यातून मागे आली आणि घरात कमरेइतके पाणी झाले. त्या वेळी सामान माळ्यावर टाकून आम्ही घर सोडले होते, त्यामुळे तशा महापुराबद्दल मी विचारत नाही. माझा प्रश्न दरवर्षीच्या पाण्याचा आहे. मोठी सर आली की रस्त्यावरचे पाणी वीत-दीड वीत चढते, उंबरठा ओलांडून आत येते आणि दोन-चार तासांत ओसरते.

यंदा पावसाळ्यापूर्वी वाळूची पोती भरून ठेवण्याचा विचार आहे. सिमेंटची रिकामी पोती वापरावीत, गोणपाटाची घ्यावीत की ऑनलाइन मिळणाऱ्या, पाण्यात फुगणाऱ्या पिशव्या मागवाव्यात? वाळू महाग आहे, तेव्हा परसातली काळी माती चालेल का? आणि दहा फुटी फाटकच अडवावे की घराचे दोन दरवाजे अडवावेत? घरात वजन उचलणारे आम्ही दोघेच, मी आणि माझी पत्नी. आई वयस्कर आहेत, हे लक्षात घेऊन कृपया सुचवावे.

निवृत्त_पाटबंधारे, मिरज

आपण महापूर आणि रस्त्यावरचे पाणी यांत फरक केला आहे, तो योग्य आहे. पोत्यांची रास पाणी पूर्णपणे थांबवत नाही, ती त्याचा वेग आणि प्रमाण कमी करते. फूटभर पाणी काही तास बाहेर ठेवायचे असेल तर ती उत्तम काम करते. नदीचे पाणी चार-पाच दिवस घराभोवती उभे राहणार असेल, तर तिच्यावर विसंबून घरात थांबू नये.

फाटक अडवण्याचा विचार सोडून द्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. रास टिकायची तर तिच्या पायाची रुंदी उंचीच्या सुमारे तिप्पट असावी लागते. दहा फुटी फाटकासमोर दोन फूट उंचीची रास रचायला शंभराच्या आसपास पोती लागतील, म्हणजे अडीच टन माल, आणि उचलणारे तुम्ही दोघे. शिवाय फाटक अडवले की पाण्याचा सगळा दाब कंपाउंडच्या भिंतीवर येतो. पाण्याची उंची दुप्पट झाली की दाबाचे बळ चौपट होते: एक फूट पाणी भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर सुमारे 45 किलो वजनाइतका रेटा देते, तर तीन फूट पाणी 400 किलोंच्या वर. अर्ध्या विटेची भिंत अशा रेट्यासाठी बांधलेली नसते, आणि ती पडली तर त्या लोंढ्याने नुकसान अधिक होते. घराच्या भिंतींबाबतही हेच ध्यानात ठेवावे. बाहेर पाणी दोन-अडीच फुटांच्या वर जाऊ लागले तर ते अडवण्याचा हट्ट सोडून आत येऊ द्यावे, मेन स्विच बंद करावा, सिलिंडर बांधून ठेवावा आणि बाहेर पडावे.

म्हणून फक्त दोन दरवाजे अडवावेत. चार फुटी दरवाजाला दोन्ही बाजूंना फूटभर जास्त धरून, फूटभर उंचीसाठी पंधरा पोती पुरतात. दोन दरवाज्यांची तीस आणि आणखी आठ-दहा पोती अशा जागांसाठी, ज्यांचा बहुतेक लोक विचारच करत नाहीत: न्हाणीची जाळी, मोरीचे भोक आणि संडासाचे भांडे. रस्त्यावरचे गटार तुंबले की ते पाणी तुमच्या चेंबरमधून उलटे येते, आणि दरवाजात कितीही पोती रचली तरी घर आतून भरते. एक पोते जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून भांड्यात नीट दाबून बसवावे, जाळ्यांवरही तसेच ठेवावे. गवंड्याकडून बाहेरच्या चेंबरला एकतर्फी झडप बसवून घेता आली तर फारच चांगले. मला विचाराल तर पहिला खर्च या झडपेवर करावा आणि पोत्यांचा नंतर.

शिवारातला, आजरा

आमच्या भागात दर वर्षी पाऊस संपला की ओढ्यांवर वनराई बंधारे घालतात, तेही सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती-वाळू भरूनच. दरवाजात पोती रचायची रीत त्याहून फार वेगळी नाही, म्हणून लिहितो.

पोते निम्मे भरावे, फार तर दोन तृतीयांश. गच्च भरलेले पोते दगडासारखे गोल बसते आणि दोन पोत्यांमध्ये पाण्याला वाट राहते. निम्मे भरलेले पोते पसरते आणि शेजाऱ्याला घट्ट चिकटते. सिमेंटचे पोते साधारण 35 लिटरचे असते, त्यामुळे ते निम्मे भरले तरी वजन 25 ते 30 किलो होते, आणि भिजल्यावर आणखी वाढते. तुम्हा दोघांना हे जड वाटले तर लहान पोती घ्यावीत. तोंड शिवायचे असेल तर दाभण-सुतळीने अगदी कडेला शिवावे, पोत्याची मान आवळू नये. न शिवता तोंड खाली दुमडून पोत्याच्याच वजनाखाली दाबले तरी चालते. दुमडलेली बाजू पाणी येणाऱ्या दिशेला ठेवावी.

आधी दरवाजावर आणि खाली जमिनीवर जाड प्लास्टिकचा कागद अंथरावा आणि मग पोती त्यावर दाबून रचावीत. विटांच्या बांधकामात करतो तशी सांधेमोड करावी आणि प्रत्येक थर पायाने किंवा धुम्मसाने चोपून घ्यावा. फटींत चिकणमातीचे गोळे दाबावेत.

भरायला काळी माती नको. तिची वाळलेली ढेकळे पोत्याला आकार घेऊ देत नाहीत आणि भिजली की तिचा चिखल होतो. नदीची वाळूही लागत नाही. खडी क्रशरवर मिळणारी क्रश सँड किंवा बारीक कच पुरेशी आहे. मुरूम मिळाला तर मोठे खडे चाळून काढून तो त्यात मिसळावा.

गोणपाट चांगले बसते, पण ओले राहिले की एका हंगामात कुजते. प्लास्टिकचे विणलेले पोते कुजत नाही, पण उन्हात काही महिन्यांत त्याचा भुगा होतो. म्हणून रिकामी पोती घरात सावलीत ठेवावीत, माल कोपऱ्यात ताडपत्रीखाली ठेवावा आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात भरावीत.

खाडीकाठ, ठाणे

फुगणाऱ्या पिशव्यांबद्दल थोडेसे. त्यांच्यात पाणी शोषणारी भुकटी असते. कोरड्या असताना त्या हलक्या असतात, कपाटात मावतात आणि पाण्यात टाकल्यावर काही मिनिटांत जड होतात. वयस्कर माणसांच्या घरी हा मोठाच फायदा आहे. मात्र खाऱ्या पाण्यात ही भुकटी नीट फुगत नाही, म्हणून आमच्यासारख्या खाडीकाठच्या लोकांना त्यांचा उपयोग थोडा. कोल्हापुरात ही अडचण नाही. तरीही त्या पूर्ण भिजल्या तरी वाळूइतक्या जड होत नाहीत, त्यामुळे धावत्या पाण्यात एकट्या ठेवू नयेत. न्हाणीच्या जाळीवर आणि दरवाजाच्या आतल्या बाजूला त्या ठेवाव्यात आणि बाहेर वाळूची पोती असावीत.

नालाशेजारी, कोल्हापूर

सर्वांचे आभार. फाटकाचा विचार सोडला. आता एकच शंका उरते. दर वेळी पंधरा पोती रचायची आणि पाणी ओसरले की काढायची, हे वर्षातून तीन-चारदा झेपेल असे वाटत नाही, आणि पोती कायम दारात ठेवली तर आईंना ये-जा करता येणार नाही. यावर काही उपाय आहे का?

निवृत्त_पाटबंधारे, मिरज

आहे, आणि तो तुमच्या जिल्ह्याच्या नावानेच प्रसिद्ध आहे. कोल्हापुरी बंधाऱ्यात खांबांना खाचा असतात, त्यांत बर्ग्यांच्या, म्हणजे आडव्या फळ्यांच्या, दोन ओळी बसवतात आणि मधल्या पोकळीत माती ठासतात. पुढच्या दाराच्या चौकटीला दोन्ही बाजूंना लोखंडी किंवा ॲल्युमिनियमची खाच बसवून घ्यावी आणि तिच्यात फूट-दीड फूट उंचीची फळी सरकवावी. खाली आणि कडांना रबराची पट्टी लावली की मातीची गरज राहत नाही. फळीच्या पायाशी बाहेरून तीन-चार पोती टाकली तरी पुरते. फळी बसवायला पाच मिनिटे लागतात आणि आईंना ती ओलांडताही येते. मागचे दार पावसाळ्यात फारसे लागत नसेल तर तिथे मात्र पोती जूनपासूनच रचून ठेवावीत.

फळी कितीही चांगली बसली, तरी दीड फुटापेक्षा उंच करू नये. कारण वर सांगितलेच आहे. आणि पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी रोज पाहत जावी. इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडलेले असताना पाणी 39 च्या वर चढू लागले, तर रस्त्यावरचे पाणी नाल्यात जाणार नाही, उलट नाल्याचेच पाणी रस्त्यावर येईल. त्या दिवशी पोती आणि फळी यांत वेळ न घालवता सामान वर हलवायला घ्यावे.

पोटमाळा, सांगली

काढण्याबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून भर घालते. गटाराच्या पाण्यात भिजलेली पोती उघड्या हातांनी उचलू नयेत, रबरी हातमोजे आणि बूट घालावेत. पायाला जखम असेल आणि तुम्ही त्या पाण्यात उतरला असाल तर लेप्टोच्या (अशा पाण्यातून होणाऱ्या तापाच्या) प्रतिबंधक गोळीबद्दल डॉक्टरांना त्याच दिवशी विचारावे. त्या पोत्यांतली वाळू परसबागेत किंवा मुलांच्या खेळण्याच्या जागी टाकू नये. ती खड्डे भरायला वापरता येते. फाटकी पोती गटारात सोडून देणारे आमच्या गल्लीत पुष्कळ आहेत, आणि पुढच्या सरीला तीच जाळीत अडकून पाणी तुंबते. शाबूत राहिलेली पोती धुऊन, उन्हात एक दिवस वाळवून, घडी करून माळ्यावर ठेवावीत.