नवा व्हेरियंट आला तेव्हा: सोलापूरच्या सिस्टर-ब्रदरचे अनुभव

२६ नोव्हेंबर २०२१ ला जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाच्या ओमायक्रॉन या नव्या व्हेरियंटला (बदललेल्या रूपाला) चिंताजनक प्रकार ठरवलं. आठवडाभरात तो कर्नाटकात सापडला, लगेच डोंबिवलीत. त्या दिवसांत आपल्याला काय माहीत होतं, कुठून कळलं, ड्युटीवर जाताना मनात काय होतं? सोलापुरातल्या नर्सिंगच्या सगळ्यांनी लिहा.

स्टाफ नर्स, मेडिसिन वॉर्ड
२०२१ च्या एप्रिल-मे महिन्यातला डेल्टा, म्हणजे ओमायक्रॉनच्या आधीचा व्हेरियंट, आम्ही पाहिला होता. पेशंटचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, डोळ्यांदेखत घसरायचं. त्यामुळे 'नवा व्हेरियंट' म्हटलं की पोटात गोळाच यायचा. विषाणूच्या स्पाइकमध्ये (ज्या काट्यांनी तो पेशीला चिकटतो) तीसहून जास्त बदल झालेत, हे व्हॉट्सअॅपमुळे सगळ्यांना पाठ होतं. त्याचा अर्थ मात्र कुणी सांगेना. शेवटी एका डॉक्टर मॅडमनी हँडओव्हरच्या (ड्युटी बदलताना काम सोपवण्याच्या) वेळी समजावलं: लस घेतलेल्यालाही लागण होईल, पण गंभीर आजारापासून लस बरीच वाचवते. भीती गेली नाही, पण नेमकं कशाला जपायचं ते कळलं. आणखी एक. साध्या आरटीपीसीआरच्या रिपोर्टवर व्हेरियंट लिहिलेला नसतो. त्यासाठी जनुकीय क्रमनिर्धारण, म्हणजे विषाणूची जनुकं वाचणारी वेगळी तपासणी, लागतं, आणि तो निकाल येईपर्यंत पेशंट घरी गेलेला असतो. म्हणून आम्ही ठरवलं, प्रत्येकाला सारखीच काळजी.

ब्रदर, खासगी दवाखान्याचा आयसीयू
'सौम्य आहे' या शब्दाने आमचं जास्त नुकसान केलं. नातेवाइकांचे मास्क हनुवटीवर आले. जानेवारीत निम्मा स्टाफ एकदम तापाने घरी. उरलेल्यांनी डबल ड्युट्या ओढल्या. नियम सात दिवसांच्या विलगीकरणाचा होता, तरी आमच्याकडे काहींना ते संपण्याआधीच कामावर बोलावणारे फोन आले. एकेका पेशंटला सौम्य असेल, पण सगळे एकदम आजारी पडल्यावर व्हेंटिलेटरजवळ उभं कोण राहणार?

जीएनएम या नर्सिंग पदविकेची विद्यार्थिनी (तेव्हाची)
घरचे म्हणत होते, परत ये. मी राहिले. मी पीपीई किट (संरक्षक पोशाख) काढताना सिनियर सिस्टर शेजारी उभ्या राहून एकेक पायरी बघायच्या, त्याचाच आधार होता.

एएनएम (वस्तीत फिरणारी आरोग्यसेविका), पूर्व भाग
आमच्याकडे विडी कामगार बायका खूप, घरात तेलुगू. १० जानेवारी २०२२ पासून आम्हाला आणि साठीवरच्या व्याधी असलेल्यांना प्रिकॉशन डोस, म्हणजे लसीचा तिसरा डोस, सुरू झाला. "अक्का, दोन झाले की, परत कशाला?" हा प्रश्न दारोदारी. दुसऱ्या डोसला नऊ महिने झालेत, ताकद उतरते, हे मी तेलुगूतच सांगायचे आणि स्वतः घेतलेला डोस मोबाइलवर दाखवायचे. कागद वाचून दाखवण्यापेक्षा ते पटायचं.

इन्चार्ज सिस्टर
वर लिहिलेल्यांपैकी कुणी मावशींबद्दल लिहिलं नाही, म्हणून लिहिते. आम्हाला निदान मेसेज तरी यायचे. फरशी पुसणाऱ्या, चादरी उचलणाऱ्यांना कुणी बसवून सांगितलं नव्हतं. एक मावशी मला म्हणाल्या, "सिस्टर, हा नवा हाय, तर औषध बी नवं लागंल का?" फार रास्त प्रश्न होता. सांगितलं, फरशीला तेच १ टक्क्याचं हायपोक्लोराइट (जंतुनाशक), हात तसेच धुवायचे, मास्क नाकावर, खिडक्या उघड्या. दुसऱ्या दिवसापासून आमच्या हँडओव्हरला मावशी आणि मामाही उभे राहू लागले. ते आजही चालू आहे.