कलर फील्डला मराठीत काय म्हणायचं? ‘रंगाचं वावर’ चालेल?

चित्रवाली: मी दारव्ह्याकडे शाळेत चित्रकला शिकवते. आठवीच्या पोरांना अमेरिकन चित्रकार मार्क रोथकोची ‘कलर फील्ड’ चित्रं दाखवली, एकाखाली एक दोन-तीन रंगांचे मोठ्ठे चौकोन आणि बाकी काहीच नाही. फळ्यावर लिहिलं ‘रंगक्षेत्र’, तर एक पोरगी म्हणे मॅडम, क्षेत्र तं सातबाऱ्यावर असते, रंगाचं वावर म्हणा ना. मला इतकं आवडलं की तेच लिहून टाकलं. नंतर एक सर म्हणाले वावर गावंढळ शब्द आहे, पोरांची भाषा बिघडेल. खरंच चूक आहे का?

कोरडवाहू: ताई, वावरच लिहा. वखरून ठेवलेलं वावर पाहा, या धुऱ्यापासून त्या धुऱ्यालोक निरा काया रंग, अन् एक सर पडून गेली का त्याच काया रंगात चार काये दिसतेत. मले तं ते चित्रच वाटते.

शुद्धमराठी: गावंढळ नाही म्हणणार, पण अर्थ चुकतोय. इथलं फील्ड शेतातलं नाही, नुसता रंगाचा सलग, मोठा पसारा म्हणजे फील्ड. आणि प्रमाण मराठीत वावर म्हणजे वावरणं.

पोथीवाला: मग तर उत्तमच की! संस्कृत व्यापार, प्राकृतात वावार, त्यातून वावरणे. माणूस जिथे राबतो, फिरतो ते वावर. रोथको मोठ्या कॅनव्हासच्या अगदी जवळ उभं राहून बघा म्हणायचा, म्हणजे रंगात वावरायलाच सांगत होता ना.

शुद्धमराठी: शेत-वावरसुद्धा त्यातूनच आलं याला पुरावा काय? जुळतंय म्हणून व्युत्पत्ती होत नाही दादा.

चित्रवाली: मला अडचण वेगळीच वाटतेय. वावराला धुरा असतो, रोथकोच्या रंगांना नाही, कडा धूसर, एक रंग दुसऱ्यात श्वास घेतो तसा. हेलन फ्रँकेंथालर या अमेरिकन चित्रकर्तीनं तर 1952 मध्ये कॅनव्हास जमिनीवर अंथरून पातळ केलेला ऑइल रंग त्यावर ओतला, खाली अस्तर नाही, त्यामुळे रंग कापडातच मुरला. आम्ही कोऱ्या मांजरपाटावर नीळ ओतून पाहिली, धाग्याधाग्यानं सरकत गेली आणि कडेला फिक्कट झालर उरली, पोरं अर्धा तास हलली नाहीत. त्या झालरीला काय म्हणू?

पोथीवाला: आपले चित्रकार गायतोंडे आठवा, 1924 सालचा नागपूरचा जन्म त्यांचा. रोलरनं रंग पसरायचे, आणि ‘ॲब्स्ट्रॅक्ट’ शब्द त्यांना मान्यच नव्हता, ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’ म्हणायचे. आधी ‘ॲब्स्ट्रॅक्ट’ला आपण ‘अमूर्त’ म्हणतो ते बरोबर का ते ठरवा.

शुद्धमराठी: आणि धुरा कशाला, बांध म्हणा. धुरा म्हणजे गाडीची.

कोरडवाहू: गाडीची ते धुरा, वावराचा तो धुरा! आमच्याकडं भांडणं धुऱ्यावरून होतेत, बांधावरून नाही.

धानवाली: आमच्या भंडाऱ्याकडे धानाची बांधी असते. रोवणीच्या आधी चिखल करून पाणी भरलं का सकाळी आभाळ अन् चिखल एकमेकांत असे मिसळते की बांधी कुठं सरली ते दिसत नाही. ताई, रोथकोची ती बांधीच आहे.

कोरडवाहू: बांधी आमच्या पोराईले कशी समजन? इकडं धान कुठं हाय?