मदत हवी आहे: थुले लोक कॅनडात कधी आले? इ.स. १००० की १२००?

ओंकार_पुरातत्त्व
परवा सेमिनार आहे आणि दुसऱ्याच स्लाइडवर अडकलोय. विषय: आर्क्टिकमधल्या उत्खननांचा इतिहास. थुले लोक, म्हणजे आजच्या इनुइटांचे पूर्वज, अलास्कातून पूर्वेकडे कधी सरकले? जुन्या नोट्समध्ये इ.स. १०००, नव्या लेखात तेरावं शतक. दोन्हीकडे पद्धत कार्बन-१४च (अवशेषांतल्या कार्बनवरून वय काढायची). कोणती तारीख लिहू? गूगल करून झालंय.

सुमेधा
नमुने कशाचे आहेत?

ओंकार_पुरातत्त्व
ताई, त्या वस्त्यांमधलेच आहेत. फक्त तारीख हवी आहे.

गोखलेकाका
आर्क्टिक म्हटलं की टिळक आधी. १९०३ साली त्यांनी आर्यांचं मूलस्थान तिकडेच मांडलं होतं. स्लाइडवर घ्याच.

सुमेधा
काका, तो वेदांतल्या उल्लेखांवरून केलेला तर्क होता. इथे प्रश्न उत्खननाचा आहे.
ओंकार, हाड सीलचं की कॅरिबूचं, म्हणजे जमिनीवर चरणाऱ्या हरणाचं, हे बघ. समुद्राच्या पाण्यात जुना कार्बन मुरलेला असतो, त्यामुळे सील-व्हेलची हाडं काही शतकं जास्त जुनी दिसतात. लाकडाचंही तेच. तिथे झाडं नाहीत, ओंडके सायबेरियातल्या नद्यांतून वाहून येतात. माणसाच्या हाती लागेपर्यंत लाकूड आधीच म्हातारं झालेलं असतं.

जनुकवेडा
हाडं मोजत बसण्यापेक्षा डीएनए बघ. २०१४ च्या अभ्यासाने सिद्ध केलंय की थुलेंच्या आधीचे डॉर्सेट लोक वेगळ्याच वंशाचे होते.

सुमेधा
त्याने कोण आलं ते कळतं. तो विचारतोय कधी.

टोरांटोकर
डॉर्सेटचा वेगळेपणा डीएनएच्या कितीतरी आधी कळला होता! १९२५ साली मानववंशशास्त्रज्ञ डायमंड जेनेस यांनी ओटावात बसून आर्क्टिक कॅनडातल्या केप डॉर्सेटहून आलेल्या वस्तू वेगळ्या काढल्या. मी इथल्या संग्रहालयात हार्पूनची (सील-व्हेल मारायच्या भाल्याची) टोकं पाहिली आहेत. थुलेंच्या टोकांना गिरमिटाने पाडलेलं गोल भोक, डॉर्सेटच्या टोकांना कोरून केलेली लांबट फट. शिवाय इनुइट म्हातारे आधीपासून सांगतच होते की आमच्याआधी इथे तुनिट राहायचे. तेही स्लाइडवर यायला हवं, हे मी मनापासून सांगतोय.

ओंकार_पुरातत्त्व
सगळं छान आहे, पण तारीख?? डॅनिश पुरातत्त्वज्ञ माथियासेन यांनी थुले वस्तीचं उत्खनन केलं त्यावरून इ.स. १००० आलं असेल ना?

सुमेधा
ते खणत होते १९२२ मध्ये, कॅनडातल्या नाउयानला. कार्बन-१४ पद्धत आली १९४९ साली. तुझी तारीख नंतरच्या नमुन्यांची असणार. फ्रीसन आणि अर्नोल्ड या पुरातत्त्वज्ञांनी २००८ मध्ये पश्चिम कॅनडातल्या सुरुवातीच्या थुले वस्त्यांच्या नव्या तारखा दिल्या, तेरावं शतक तिथून आलं. तुझ्या जुन्या नोट्समधल्या तारखांच्या तक्त्याखाली काय लिहिलंय?

जनुकवेडा
तारखेचं मान्य. पण वंश सोडू नकोस, प्रश्न त्यावरच येतील.

ओंकार_पुरातत्त्व
तक्त्याखालची बारीक टीप आत्ता वाचली. सील, व्हेल आणि दोन ओंडके. कॅरिबू एकही नाही. दोन्ही तारखा ठेवतो, शेजारी नमुना कशाचा ते लिहितो. टोरांटोकर, त्या फटीचं चित्र मला काढून द्याल का? आज रात्रीच हवंय.