'रेंडर अटकलं' म्हणजे नेमकं काय झालं?

वरूडहून प्रश्न

आमच्या भागात लग्नाची शूटिंग करणारी पोरं घरच्याच कॉम्प्युटरवर मिक्सिंग करतात. 'एडिटिंग' शब्द आला तरी गिऱ्हाईक अजून 'मिक्सिंग झाली का?' असंच विचारतं. या पोरांच्या तोंडी एक वाक्य सारखं असतं: 'रेंडर अटकलं', नाहीतर 'रेंडर होऊनच नाही राहिलं'. ऐकणारा मग अंदाजानं सांगतो, रॅम वाढव, विंडोज मार (म्हणजे पुन्हा नव्यानं टाक). 'अटकणे' या एका क्रियापदाखाली किती वेगळे बिघाड येतात? त्यांना आपल्या बोलीत वेगळे शब्द आहेत का? आणि रेंडर म्हणजेच एक्सपोर्ट का?

आर्वीहून

शेवटचं आधी घेतो. दोन्ही एक नाहीत. क्लिपा, टायटल, रंग, इफेक्ट हे सगळं हिशोबात घेऊन प्रत्येक फ्रेम, म्हणजे व्हिडिओतलं एकेक चित्र, तयार करणं म्हणजे रेंडर. त्या फ्रेमा एच.२६४ सारख्या पद्धतीनं दाबून फाईल करणं म्हणजे एन्कोडिंग. एक्सपोर्टमध्ये दोन्ही होतं.

घोळ सॉफ्टवेअरनं वाढवला आहे. प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या टाइमलाइनवर (क्लिपा ओळीनं लावायच्या पट्टीवर) लाल रेघ दिसली की तो भाग पूर्ण वेगानं चालेलच असं नाही. एंटर दाबून रेंडर केला की रेघ हिरवी होते. पण ती सोय फक्त तिथं पाहण्यापुरती, गिऱ्हाइकाला द्यायची फाईल अजून बनलेलीच नसते. उलट दाविंची रिझॉल्व्हमध्ये शेवटची फाईल काढायच्या बटणावरच 'रेंडर' लिहिलेलं असतं. एडियसमध्ये त्याच कामाला 'प्रिंट टू फाईल' म्हणतात. म्हणून 'रेंडर केलं पण फाईल सापडून नाही राहिली' म्हणणारा पोरगा चुकीचं बोलत नसतो. तो कशावर काम करतो, हे आधी विचारावं.

पुसदहून

'अटकणे' फार ढिलं वापरलं जातं. मी तरी तो शब्द एकाच प्रकाराला ठेवीन: दर वेळी त्याच टक्क्याला थांबणं. समजा, ६३ टक्क्यांवर थांबलं आणि पुन्हा लावलं तरी तिथंच थांबलं, तर दोष टाइमलाइनवरच्या त्या जागेत आहे. कार्डावरून नीट न उतरलेली क्लिप असेल, नाहीतर एखादा प्लगिन, म्हणजे सॉफ्टवेअरला बाहेरून जोडलेला इफेक्ट. टाइमलाइनचा अर्धाच भाग एक्सपोर्ट करून पाहायचा, मग अटकणाऱ्या अर्ध्याचा अर्धा. असं करत गेलं की क्लिप हाती लागते. ती कार्डावरून पुन्हा कॉपी करायची किंवा त्यावरचा इफेक्ट काढायचा. इथं विंडोज मारून काही उपयोग नाही.

दर वेळी वेगळ्याच ठिकाणी थांबत असेल, तर नजर मशीनकडे वळवावी. उष्णता, पॉवर सप्लाय, रॅम, ग्राफिक्स कार्डाचा ड्रायव्हर. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो, पत्र्याच्या खोलीची तर गोष्टच सोडा. प्रोसेसर तापला की स्वतःचा वेग कमी करतो. तेव्हा काम 'रेटत' चालतं, अटकत नाही. पंख्यातली धूळ काढणं, थर्मल पेस्ट बदलणं आणि रात्री रेंडरला लावणं, हे तिथले उपाय.

'हँग' आणखी वेगळं. टक्का हलत नाही, पण टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर राबताना दिसतो. नॉइज काढणं किंवा हलणारं चित्र स्थिर करणं असा जड भाग चालू असतो. मशीन बंद करू नये, वाट पाहावी.

थेट पेनड्राइव्हवर एक्सपोर्ट करणाऱ्यांना ४ जीबीची भिंत लागते. फॅट३२ पद्धतीच्या पेनड्राइव्हवर त्याहून मोठी फाईल बसतच नाही, जागा कितीही रिकामी असो. आतल्या फाईली दुसरीकडे काढून पेनड्राइव्ह एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करावा.

देसाईगंज-वडसाहून

झाडीपट्टीची नाटकं रात्रभर चालतात आणि लोक ती मोबाइलवरच घेतात. पहिल्या अंकात ओठ आणि आवाज जुळतात, शेवटच्या अंकापर्यंत संवाद मागं पडतो. आमच्याकडे म्हणतात, 'आवाज सरकला'. हा शब्द अगदी नेमका आहे, पण लोक दोष रेंडरला देतात. बहुतेक मोबाइल सेकंदाला फ्रेमांची संख्या कमी-जास्त करतात आणि काही सॉफ्टवेअरांना ते पेलत नाही. मूळ क्लिप आधी हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून स्थिर फ्रेम रेटवर करून घ्या, मगच टाइमलाइनवर टाका.

उमरेडहून

क्रियापदाचं आणखी एक. आमच्याकडे छोट्या क्लिपेला 'एक्सपोर्ट मार' म्हणतात आणि पूर्ण लग्नाला 'रेंडरले लाव'. दळण लावतो तसंच हे, चालू करून आपण दुसऱ्या कामाला जातो. हा फरक मला फार आवडतो, तो कोणी शिकवलेला नाही. लिंगाचं म्हणाल तर पुण्याकडे 'शूटिंग झालं', आमच्याकडे 'शूटिंग झाली', म्हणून 'रेंडरिंग अटकली' हेही कानाला खटकत नाही.

वरूडहून

मग लाईन गेल्यावर जे होतं त्याला काय म्हणावं? फोल्डरमध्ये फाईल दिसते, पण उघडत नाही.

पुसदहून

त्याला 'तुटणे' म्हणा. एमपी४ फाईलची आतली सूची सहसा सगळ्यात शेवटी लिहिली जाते, म्हणून अर्धवट फाईल प्लेअरला वाचता येत नाही. ती पुन्हा पहिल्यापासून लावावी लागते. यूपीएस नसेल तर हळद, लग्न, रिसेप्शन वेगवेगळं एक्सपोर्ट करावं. सगळ्यांची सेटिंग एकच ठेवली, तर तुकडे नंतर पुन्हा एन्कोड न करता जोडता येतात आणि तुटलं तरी एकच तुकडा जातो.