वसतिगृहातली पुडी, नाक्यावरची पुडी: अमेरिकेत शिक्षा सारखी होते का?

सह्यवाट:
१९ जून १९८६ रोजी मेरिलंड विद्यापीठाच्या वसतिगृहात लेन बायस हा बास्केटबॉलपटू कोकेनने गेला. बोस्टन सेल्टिक्स या व्यावसायिक संघाने त्याला निवडून दोनच दिवस झाले होते. त्याने घेतली होती ती कोकेनची पावडर. त्या धक्क्यात अमेरिकी संसदेने जो कायदा केला, त्याचा बडगा मात्र क्रॅकवर, म्हणजे ओढायच्या खड्यांच्या रूपातल्या कोकेनवर पडला: ५ ग्रॅम क्रॅकला किमान ५ वर्षं तुरुंग, पावडर असेल तर तेवढ्याच शिक्षेसाठी ५०० ग्रॅम. क्रॅक म्हणजे गरीब कृष्णवर्णीय वस्ती, पावडर म्हणजे पैसेवाले. २०१० मध्ये हे १००:१ प्रमाण १८:१ झालं.

शाळेपासून १००० फुटांच्या आत अमली पदार्थ विकले तर शिक्षा वाढते. केंद्रीय कायद्यात विद्यापीठंही त्यात धरलेली आहेत, म्हणजे खोलीतून विकणारा प्रत्येक विद्यार्थी त्यात येतो. पण न्यू जर्सीत अशाच राज्य-कायद्याखाली तुरुंगात गेलेल्यांपैकी ९६ टक्के कृष्णवर्णीय आणि लॅटिनो होते, असं राज्याच्याच आयोगाने २००५ मध्ये सांगितलं. याला भेदभाव म्हणायचं नाही तर काय?

खडकमाळ:
पटलं नाही. २००८ मध्ये सॅन डिएगो स्टेट विद्यापीठात अमली पदार्थांवरून ९६ जणांना पकडलं, बहुतेक विद्यार्थीच. २०१० मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या ५ विद्यार्थ्यांना अटक झाली. आणि १९८६च्या कायद्याला न्यूयॉर्कमधल्या हार्लेमचे कृष्णवर्णीय खासदार चार्ल्स रँगल यांचाही पाठिंबा होता. नाक्यावर गोळ्या चालत होत्या, तिथल्या आयांनाच दारात पोलीस हवे होते. त्यांचं म्हणणं तुम्ही मोजतच नाही.

सह्यवाट:
मोजतो. त्याच रँगल यांनी पुढे क्रॅक आणि पावडरच्या शिक्षेतली तफावत काढायची विधेयकं आणली, तेही मोजा. सॅन डिएगोचा तपास एका विद्यार्थिनीच्या मृत्यूनंतर सुरू झाला. विद्यापीठात पोलीस यायला जीव जावा लागतो, नाक्यावर ते रोजच उभे असतात.

इंद्रायणीकाठ:
पैशाचा मुद्दा राहतोय. उच्च शिक्षण कायद्यातल्या १९९८च्या दुरुस्तीने अमली पदार्थांच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या विद्यार्थ्याची सरकारी शिक्षणमदत बंद केली. ज्याची फी बाप भरतो त्याचं काही अडलं नाही, मदतीवर शिकणाऱ्याचं कॉलेज सुटलं. २००६ मध्ये नियम थोडा सैल केला, रद्द करायचा कायदा व्हायला २०२० उजाडलं. आपल्याकडून एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर गेलेल्या मुलांनीही ध्यानात ठेवावं: विक्रीचा गुन्हा सिद्ध झाला तर हद्दपारी होऊ शकते, मग घरची श्रीमंती कामाला येत नाही.

खडकमाळ:
मदतीचा नियम अन्यायाचाच होता, मान्य. पण आता बनावट गोळ्यांत फेंटानिल हे अतिशय जहाल अफूसारखं रसायन येतं. अभ्यासासाठी ॲडरॉल हे लक्ष एकाग्र करणारं औषध समजून घेतलेली एक गोळी जीव घेते. ती विकणाऱ्याला समुपदेशन करून सोडायचं?

सह्यवाट:
नाही, त्याच्यावर खटला चालवा, नाक्यावरच्या मुलावर चालतो तसाच. क्लेरी कायद्यामुळे विद्यापीठांना अमली पदार्थांबाबतच्या अटका आणि शिस्तपालनाकडे पाठवलेली प्रकरणं वेगवेगळी जाहीर करावी लागतात. त्यात विद्यार्थ्यांच्या वंशाची नोंद सक्तीची नाही. ती सक्तीची करा, म्हणजे कुणाला समितीपुढे बसवलं आणि कुणाला बेड्या घातल्या ते कळेल.