घाटात रेंज गेली तरी जीपीएस जात नाही

मुंबईहून गावी जाताना घाटात मोबाईलची रेंज जाते, म्हणून गाडीसाठी वेगळा नेव्हिगेशनचा डबा घ्यावा का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत: आधी फोनच नीट वापरून बघा.

जीपीएस उपग्रहांकडून सिग्नल फक्त घेतं, त्याला इंटरनेट लागत नाही. रेंज गेल्यावर अडतो तो नकाशा. गूगल मॅप्समध्ये निघण्याआधी घरच्या वाय-फायवर तो भाग उतरवून ठेवा. गाडीचा रस्ता ऑफलाइनही दाखवतं, ट्रॅफिक मात्र नाही. जोडीला ऑरगॅनिक मॅप्स हे ॲप ठेवा. ते फुकट आहे आणि ओपनस्ट्रीटमॅपचे, म्हणजे लोकांनीच मिळून बनवलेले, नकाशे वापरतं. वाडीवस्तीचे रस्ते कधी यात सापडतात, कधी त्यात, म्हणून दोन्ही हवेत.

तरी वेगळं यंत्र घ्यायचंच असेल तर स्क्रीनच्या इंचांवर भाळू नका. भारताचे नकाशे आहेत का, अपडेट किती वर्षं मिळणार आणि त्याचे पैसे वेगळे का, हे दुकानदाराकडून वदवून घ्या. उपग्रहांच्या सिग्नलच्या एल१ आणि एल५ अशा दोन्ही फ्रिक्वेन्सी पकडणारं असेल तर दरीत, उंच इमारतींमध्ये जागा जास्त अचूक दाखवतं. (असे फोनही मिळतात, म्हणून तर आधी फोन बघा म्हणतोय.)

आणि 'सर्वात जवळचा रस्ता' हा पर्याय गावाकडे डोळे झाकून मानू नका, बैलगाडीच्या वाटेवर नेऊन सोडतो. भोरहून महाडला उतरणारा वरंध घाट पावसाळ्यात बऱ्याचदा बंद ठेवतात. ऑफलाइन नकाशाला त्याचा पत्ताही नसतो. तिथे पेट्रोलपंपावर विचारलेलं बरं.